शेपटीवाली होडी

“एका नलीत दोन पिस्टन? म्हंजे एका चुलीशी दोन जावा! किती दिस टिकायचं ते?”

होडीच्या मालकाची बायको, नाखवीण, हे मला म्हणाली नव्हती. ती शेजारणीशी बोलत होती. दोघींच्या मध्ये ओल्या बोंबलांची पाटी होती, आणि बोलता बोलता दोघी एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून ती जोडी वलांडीच्या दोरीवर टाकत होत्या. वलांडी म्हणजे बोंबील वाळवायचा बांबूंचा सांगाडा. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर अशा वलांड्या लांबपर्यंत उभ्या होत्या आणि प्रत्येक दोरीवर बोंबलांच्या जोड्या तोंडात तोंड घालून लटकत होत्या. मी चार पावलांवर उभी होते. मला इतकं हसू आलं, की मी रुमाल नाकाला लावला आणि वास सहन होत नसल्याचं सोंग केलं. कारण ते इंजिन नेमकं तसंच होतं. तोंडाला तोंड लावलेले दोन पिस्टन. कित्येक महिने मी त्याच्या आकृत्या काढत होते, पण इतकं सोपं चित्र मला कधी सुचलं नव्हतं.

त्या इंजिनाचं गणित माझं होतं.

साध्या डिझेल इंजिनात एका नळकांड्यात एक पिस्टन असतो आणि वर घट्ट झाकण. ह्या इंजिनाला झाकणच नव्हतं. दोन पिस्टन दोन टोकांकडून एकमेकांवर धावून यायचे, मधली हवा चेपून चेपून तापवायचे, तेवढ्यात आत डिझेलचा फवारा उडायचा आणि स्फोटाबरोबर दोघे पुन्हा आपापल्या दिशेला पळायचे. झडपा नव्हत्या. नळकांड्याच्या भिंतीला नुसती भोकं होती. एका टोकाच्या भोकांतून ताजी हवा आत, दुसऱ्या टोकाच्या भोकांतून धूर बाहेर. हे सगळं मुंबईच्या एका छोट्या कारखान्यातल्या साहेबांनी आखलं होतं. स्वतःच्या मनाने, हौसेने, आणि मालकाची नाराजी पत्करून. भोकं जरा वर घ्यायची की खाली, हे ठरवायला प्रत्येक वेळी नवं नळकांडं ओतावं लागे. मालक वैतागला. तेव्हा साहेब आमच्या संशोधन संस्थेत आले. आमच्याकडे नुकताच कॉम्प्युटर आला होता. साहेबांनी विचारलं, “इंजिन ओतायच्या आधी ते ह्या मशीनमध्ये चालवून बघता येईल का?”

आमच्या सरांनी ते काम मला दिलं. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे माझ्याकडे वेळ असणार, असा त्यांचा हिशोब होता.

त्या दिवसांबद्दल मी घरी काही सांगितलं नाही. सांगता आलंच नसतं. शाळेत नन्सनी आम्हाला हळू बोलायला शिकवलं होतं आणि मी तो धडा जरा जास्तच मनावर घेतला होता. पण मशीनच्या खोलीत शिरताना मला व्हायचं ते जत्रेतल्या पाळण्यात बसल्यावर होतं तसं. चपला बाहेर काढायच्या. आत इतका गारठा, की ऐन मे महिन्यात आम्ही मुली स्वेटर घालून बसायचो. मग भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा मशीनच्या तोंडात द्यायचा, आणि एक इंजिन सुरू व्हायचं. ना लोखंड, ना डिझेल, ना धूर. मी पिस्टनचा एक फेरा अगदी बारीक बारीक तुकड्यांत तोडला होता. प्रत्येक तुकड्याला मशीन विचारायचं, आत हवा किती, ती किती तापली, पिस्टनला किती जोरात ढकलते आहे? उत्तर मिळालं की पुढचा तुकडा. मशीन एक फेरा पुरा करेपर्यंत खरं इंजिन कुठल्या कुठे पोचलं असतं, पण माझ्या इंजिनाच्या आत मला बसता येत होतं. स्फोटाच्या अगदी मधोमध, स्वेटर घालून.

शेवटी मशीन खडखडत कागद बाहेर टाकायचं. त्याला रेघ काढता येत नसे, म्हणून ते आलेखाच्या जागी फुल्यांसारखे तारे छापायचं. इंजिनाची ताकद वाढली की तारे चढायचे, घटली की उतरायचे. माझ्या ताऱ्यांच्या हिशोबाने साहेबांचं इंजिन जबरदस्त होतं.

आणि रेवदंड्याच्या होडीत बसवल्यावर ते दम्याच्या माणसासारखं धापा टाकत होतं.

म्हणून मला पाठवलं होतं. माझी आत्या रेवदंड्यात राहते, नारळाच्या वाडीत, त्यामुळे घरून परवानगी मिळाली. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस, तिथून एसटी. साहेब आधीच आलेले होते आणि त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. ते माझ्याशी सभ्यपणे बोलले. “बाई, तुमचं मशीन जरा आशावादी आहे,” एवढंच म्हणाले. त्याच दिवशी भरतीच्या वेळी शेवटची परीक्षा होती. नाखव्याची अट साधी होती. तो होडीचा मालक, उंच, काळाभोर, कमी बोलणारा. तो म्हणाला होता, “शिडाला जे जमत न्हाय ते करून दाखवा. समोरून वारा, समोरून भरती, आनि होरी खाडीच्या बाहेर. जमलं तर इंजिन माजं. न्हाय जमलं तर उद्याच्या गलबतातून तुमचं तुमी न्या.”

परत नेलं असतं तर कारखान्याच्या मालकाने ते वितळवलंच असतं. तो तसं स्पष्ट म्हणाला होता. असं दुसरं इंजिन त्यांच्याकडे नव्हतं आणि पुन्हा कोणी साहेबांना करू दिलं नसतं.

तर मी रुमाल नाकाला लावून उभी होते, आणि नाखविणीने ते पाहिलं.

“वास येतो ना, बाय? ये. हिकडं ये. हुंग.”

तिने वाळलेला एक बोंबील माझ्या नाकाशी धरला. मी घाबरत हुंगला. मिठाचा आणि उन्हाचा वास होता.

“आता हा.” दुसरा बोंबील. ह्याला रॉकेलच्या स्टोव्हसारखा वास होता.

“हा दुसऱ्या मोटारवाल्या होरीचा,” शेजारीण म्हणाली. “मुंबईच्या बायका कशा घेतात म्हाईत हाय? आधी नाकाला, मंग पिशवीत. नाकाला लावला की फेकला!”

“म्हनून मी सांगितलं,” नाखवीण म्हणाली, “धूर माज्या म्हावऱ्यावर न्हाय पडला पायजे. धूर मागं सोडा, पार सुकानूच्या मागं. लोहाराला सांगून पाइप जोडून घेतला मी. तुमच्या सायबाला विचारत बसले न्हाय.”

मी होडीकडे पाहिलं. खाडीच्या काठाला ती उथळ पाण्यात उभी होती. इंजिनातून निघालेला धुराचा पाइप, जो साहेबांच्या नकाशावर हातभर होता, तो फळीखालून सरपटत पार मागच्या टोकापर्यंत गेला होता. मी इथे येईपर्यंत कोणी मला हे सांगितलं नव्हतं. साहेबांना ते रोज दिसत होतं, पण त्यांच्या लेखी तो नुसता पाइप होता. धूर कुठून तरी बाहेर जायचाच.



पण मशीनने मला पाइपबद्दल सांगितलं होतं. एका दुपारी मशीन मोकळं होतं आणि माझं काम संपलं होतं. उठून जायला हवं होतं, पण मी नुसतीच गंमत म्हणून धुराचा पाइप लांब करत बसले. हातभर, दोन हात, तीन हात. तारे उतरत गेले. इंजिन गुदमरत होतं. कोणीही शहाणी मुलगी तिथे थांबली असती. मी अजून लांब केला, अजून लांब, आणि तारे तळाला जाऊन पुन्हा चढायला लागले! पुढे दुसरी टेकडी होती, पहिलीच्या जवळपास तेवढीच उंच. फक्त एक अट होती. ती टेकडी इंजिन पूर्ण वेगात असतानाच उभी राहत होती. वेग जरा उतरला की तिथे टेकडीच्या जागी खड्डा. साहेबांना मी तो कागद दाखवला होता. ते हसले होते. “एवढा लांब? आपण इंजिन करतोय बाई, तोफ नाही.” आणि कागद घडी होऊन गेला होता.

आता मी डोळ्यांनी पाइप मोजला. लोहाराने जोडलेला पाइप बरोबर त्या खड्ड्याच्या तळाशी येत होता. त्याहून वाईट लांबी मुद्दाम शोधूनही सापडली नसती.

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. गणित बरोबर होतं. इंजिन अगदी मशीनने सांगितल्यासारखं गुदमरत होतं, बरहुकूम, शहाण्या मुलासारखं. मी त्या वाळूत उभी राहून वेड्यासारखी स्वतःशी हसत होते, आणि त्याच वेळी साहेब लोहाराला सांगत होते, “कापा. इंजिनाच्या जवळून कापून टाका. मूळ होता तसा करा.”

लोहाराने करवत काढली.

“आनि माजा म्हावरा?” नाखवीण तिथूनच ओरडली.

“अहो, इंजिनच चाललं नाही तर म्हावरा आणायचा कुठून?” साहेब म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं.

नाखवा मधे उभा होता. तो एकदा बायकोकडे बघत होता, एकदा इंजिनाकडे. “कापला तर बोंबील जातो,” तो म्हणाला, “ठेवला तर इंजिन जातं.” मग पाण्याकडे बघत, हळूच, “इंजिनच जाऊ दे.” लोहार मात्र अजून साहेबांचंच ऐकत होता.

मला बोलायला हवं होतं. वाक्य तोंडात तयार होतं, मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीत. पण तिथे साहेब, नाखवा, लोहार, दोन खलाशी असे पाच पुरुष उभे होते. मी नाखविणीजवळ सरकले आणि तिच्या पदराशी बोलावं तशी पुटपुटले, “मावशी, कापायला नको. लांब करायला हवा.”

“काय?”

तिथे जाळ्याची एक दोरी पडली होती. तिचं एक टोक खुंट्याला बांधलेलं होतं. मी दुसरं टोक उचललं, ताणलं आणि एक झटका दिला. दोरीत उंचवटा उठला, धावत खुंट्यापर्यंत गेला आणि उलटा होऊन माझ्या हाताशी परत आला.

“इंजिनातून धूर सुटतो तो असा झटक्याने सुटतो,” मी कुजबुजले. “झटका पाइपच्या टोकाला जातो आणि उलटा होऊन परत येतो. परत येतो तेव्हा तो ओढतो. भोकं उघडी असताना आला तर आतला उरलेला धूर ओढून काढतो, ताज्या हवेला जागा करतो. भलत्या वेळी आला तर धूर आतच कोंडतो.”

“म्हंजे पाव्हना,” नाखवीण म्हणाली. “जेवन तयार असताना आला तर बरा. चूल विझल्यावर आला तर जीव खातो.”

“हो! अगदी तसंच.”

“आनि आपला पाव्हना?”

“चूल विझल्यावर येतोय.”

शेजारीण खो खो हसली. मीही हसले. दोरी मात्र नाखविणीने माझ्या हातातून घेतली होती आणि ती पुन्हा पुन्हा झटके देऊन बघत होती. “कापला तर लवकर येनार. लांब केला तर पुढच्या जेवनाला येनार.” तिने दोरी टाकली. “मंग त्यांना सांग की! त्यो करवत चालवतोय!”

मी वाळूकडे बघितलं.

तिने माझ्याकडे एक क्षण पाहिलं, कपाळाला हात लावला, आणि बोंबलाचे हात लुगड्याला पुसत पाण्याकडे निघाली. “ए! ठेव ती करवत! ही बाय काय सांगते ते ऐका. पाइप कापायचा न्हाय, वाढवायचा! धुराचा पाव्हना चुकीच्या वेलेला येतो!”

पाच पुरुषांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. माझे कान तापले.

“पाहुणा?” साहेब म्हणाले.

मी हाताने हवेत एक टेकडी काढली. मग खड्डा. मग दुसरी टेकडी. साहेब बघत राहिले. आणि मला त्यांचा चेहरा बदलताना दिसला. भर उन्हात दिवा लागावा तसा. “तोफ,” ते म्हणाले. “तो तोफेचा कागद! अहो बाई, तो दुसरा... किती? किती लांब?”

मी चार बोटं दाखवली आणि कोपरापासून हात दाखवला.

“अजून चार हात!” नाखवीण जाहीर करती झाली.

ह्यापुढे जे झालं त्याला काही क्रम नव्हता. चार हात पाइप आणायचा कुठून? लोहाराकडे उरला नव्हता. मला एक पाइप आठवला, माझ्या आत्याच्या वाडीतला. तिथे जुन्या पंपाचा लोखंडी पाइप दोन माडांच्या मध्ये बांधला होता आणि त्यावर धुणं वाळत असे. मी पुढे, खलाशी मागे, असे आम्ही पळत गेलो. आत्याने काही विचारलं नाही. तिने ओली लुगडी गोळा करून खांद्यावर घेतली आणि म्हणाली, “संध्याकाळपर्यंत परत आणा, नाहीतर उद्या मी ह्याच लुगड्यात.” परतल्यावर हात मोजण्यावरून भांडण. लोहार आपल्या हाताने मोजायला लागला, तर नाखवा म्हणाला होडी माझी, मोजायचं माझ्या हाताने. नाखव्याचा हात म्हणजे वल्हं. मी घाईघाईने मान हलवली आणि खाली बसून माझ्याच हाताने मोजलं, कोपर टेकवत, बोट टेकवत. लोहाराने खूण केली आणि त्याच करवतीने उरलेला तुकडा उडवला. मग पत्र्याची पट्टी गुंडाळून सांधा आवळला आणि बाहेर लोंबणारं टोक बांबूला काथ्याने बांधून उचलून धरलं.

होडीला शेपूट फुटलं. शब्दशः. सुकाणूच्या मागे, वर उचललेलं, एखाद्या आनंदी कुत्र्यासारखं. वलांड्यांवरच्या सगळ्या बायका कामं टाकून बघायला आल्या आणि हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या.

“चला,” नाखवा म्हणाला. भरती चढत होती. मग तो माझ्याकडे वळला. “चल, बाय.”

मला वाटलं, मला निरोप देतो आहे.

“ज्यानं सांगितलं त्यानं बसायचं,” नाखवा म्हणाला. “नवी होरी पान्यात टाकली की पहिल्या फेरीला सुतार बसतो. फली त्यानं ठोकली, बुडाली तर त्यो पन बुडंल. त्याबिगर होरी न्हाय निघत.”

“पन ही बाईमानूस,” म्हातारा खलाशी म्हणाला. “बाईमानूस होरीत न्हाय चालत.”

हा खरा पेच होता. दोन्ही रिवाज पक्के, आणि दोन्ही माझ्यावरच येऊन आदळले होते. मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मला पोहता येत नव्हतं आणि हे सांगण्यासाठी तोंड उघडण्यापेक्षा बाई असल्यामुळे सुटणं सोपं होतं.

“ती बाई म्हनून कुठं बसते?” नाखवीण म्हणाली. “ती सुतार म्हनून बसते. सुताराला कोन विचारतं, तू बाई का बाप्या?”

म्हाताऱ्याने विचार केला. मग तो बाजूला सरकला. शेजारणीने माझ्या साडीचा काष्टा घालून दिला, कोणीतरी दंडाला धरून मला फळीवर चढवलं, आणि मी होडीत, इंजिनाच्या शेजारी, गुंडाळलेल्या शिडाला टेकून बसले. नाखविणीने होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावलं आणि जाता जाता माझ्या कपाळालाही बोट टेकवलं.

साहेबांनी हँडल मारलं. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा ते उठलं. मी ते इंजिन पहिल्यांदाच ऐकत होते. कित्येक महिने मी त्याच्या आत बसले होते आणि त्याचा आवाज मला माहीतच नव्हता! धप्प, धप्प, धप्प, शेपटीच्या टोकातून काळे गोळे उडत होते, सगळे मागे, पाण्यावर. किनाऱ्यावरून एक मोठी आरोळी उठली.

खाडीत आम्ही ठीक चाललो. डाव्या हाताला कोर्लईचा डोंगर हळूहळू मागे सरकत होता, उजवीकडे माडांच्या रांगा. मग खाडीचं तोंड आलं. तिथे वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटत होत्या, समोरून वारा येत होता आणि भरतीचं पाणी आत घुसत होतं. पहिल्या लाटेने होडी उभी केली, धाडकन खाली टाकली आणि सगळ्या फळ्या थरथरल्या.

“कमी कर! कमी कर!” सुकाणूवरून नाखवा ओरडला.

शिडाची होडी थरथरली की शीड सैल सोडायचं, हे त्याच्या हाडात होतं. त्याच्या बापाच्या हाडात होतं. साहेबांनीही वेगाचा दांडा मागे ओढला. नाखवा समुद्रात सांगतो ते करायचं, एवढं त्यांना कळत होतं. इंजिन लगेच खोकायला लागलं. मग धापा. आणि मग मी पाहिलं, कोर्लईचा डोंगर, जो मागे सरकत होता, तो थांबला आणि हळूच पुढे सरकायला लागला. भरती आम्हाला घरी परत घेऊन चालली होती.

आम्ही खड्ड्यात होतो. ताऱ्यांच्या त्या खड्ड्यात, अगदी तळाशी. मला ती जागा ओळखीची होती. वर जायचा रस्ताही ठाऊक होता, वेग वाढवायचा. एवढंच सांगायचं होतं. मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. साहेबांकडे वळले तर साहेब दांडा सोडून काठावर ओणवे झाले होते आणि सकाळचं सगळं जेवण समुद्राला देत होते.

दांडा माझ्या गुडघ्यापाशी होता.

मी तो दोन्ही हातांनी धरला आणि टोकापर्यंत ढकलला.

इंजिनाने एक भयंकर उचकी दिली. अजून एक. शेपटीतून काळा ढग सुटला. नाखवा माझ्याकडे बघून काहीतरी ओरडला, ते मला ऐकू आलं नाही. दांडा मी सोडला नाही. एक धाप, दोन धापा, त्या जवळ जवळ येत गेल्या, एकमेकींवर चढल्या, आणि मग अचानक धापा नव्हत्याच. एक सलग, जाड, गोल आवाज होता. धूर काळ्याचा करडा झाला, करड्याचा जवळजवळ काही नाही. होडीने नाळ उचलली. पुढची लाट आली ती आमच्या खालून मुकाट निघून गेली. कोर्लईचा डोंगर थांबला, दचकल्यासारखा, आणि मागे पळायला लागला.

म्हातारा खलाशी उठून नाचत होता. होडीत उभं राहून, दोन्ही हात वर करून. लाटा आमच्या दोन्ही बाजूंना फुटत होत्या आणि तोंडावर पाणी उडत होतं. मी हसत होते की रडत होते ते त्या पाण्यामुळे कोणाला कळलं नसतं. साहेब तोंड पुसत वळले. त्यांनी आधी दांड्याकडे, मग माझ्या हातांकडे आणि मग शेपटीकडे पाहिलं. “हे... हे कागदावर होतं?” त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. ते इंजिनाशेजारी मटकन बसले आणि गरम असतानाही त्याला हात लावून बघायला लागले, ताप आलेल्या मुलाला बघावं तसं.

वाळूचा पट्टा मागे पडला. समोर नुसता समुद्र होता, मोठा, सुटा, आणि त्याचा वारा तोंडावर घेत आम्ही सरळ चाललो होतो. नाखव्याने सुकाणू खलाशाकडे दिलं. तो पुढे आला, माझ्या पाठीशी असलेल्या शिडाच्या गुंडाळीवर ऐसपैस बसला आणि मांडी घातली.

“सायेब,” तो म्हणाला, “गलबतवाल्याला सांगा, उद्या थांबू नको. न्यायला काय न्हाय.”

साहेबांनी इंजिनावर दोनदा थाप मारली.

नाखवा बराच वेळ इंजिन ऐकत बसला. मग त्याने किनाऱ्याकडे पाहिलं. तिथल्या बायका ठिपक्यांएवढ्या झाल्या होत्या. तो माझ्याकडे झुकला. माझ्या वतीने ओरडायला नाखवीण इथे नव्हती. इंजिनाच्या आवाजात पुटपुटणं कोणाच्याच कानी गेलं नसतं, आणि दोन्ही हात अजून दांड्यावर होते, त्यामुळे हवेत टेकड्याही काढता येत नव्हत्या.

“बाय, फिरवू का आता?”

मी छातीत मावेल तेवढा वारा घेतला.

“नको, काका!” मी ओरडले. “इतक्यात नको. अजून पुढे जाऊ या!”